खिळा, ब्रश आणि भिंत

मराठी मुद्रणाचा इतिहास आपल्याकडे दोन तऱ्हांनी सांगितला जातो. एका तऱ्हेत मिशनरी येतात, छापखाना काढतात आणि नेटिवांना ज्ञान देतात. दुसऱ्या तऱ्हेत थोर ग्रंथ आणि थोर संपादक यांची यादी असते. या दोन्ही इतिहासांत अक्षर प्रत्यक्ष करणारा हात कोठेच दिसत नाही. जाहिरातीचा इतिहास तर कोणी गांभीर्याने घेतच नाही, कारण जाहिरात म्हणजे बाजार आणि बाजार म्हणजे हलके काम, अशी आपल्या पांढरपेशा समीक्षेची समजूत आहे. वास्तविक हाताने काढलेले अक्षर आणि शिशाचा खिळा ही दोन्ही एकाच कागदावर प्रथम शेजारी शेजारी बसली ती जाहिरातीत. आणि ज्यांना लिहिण्यावाचण्याचीच बंदी होती, त्यांच्या चळवळीला तर जाहिरात हा चैनीचा प्रश्न कधीच नव्हता.

हातापासूनच सुरुवात करू. श्रीरामपूरला १८०५ साली कॅरेचे मराठी व्याकरण छापले गेले. तेथील कारखान्यातली नागरी अक्षरे कोरणारे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर हे बंगाली लोहार. त्याच साली मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यावर कोरून गीता छापली, कोरणारा तांबट. मुंबईत १८३१ साली पंचांग शिळेवर छापणारे गणपत कृष्णाजी भंडारी समाजातले. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातले लोक छापील पुस्तकाला हात लावीत नसत, तेव्हा त्यांनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली, असे सांगतात. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात महिना दोन रुपयांवर खिळे घासणारा जावजी दादाजी नावाचा पोरगा पुढे १८६४ साली स्वतःचा टाइपाचा कारखाना काढतो, १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा करतो. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या त्याच्या अक्षरांचे वळण पुढे शंभर वर्षे मराठी डोळ्यांना 'छापील अक्षर' म्हणून परिचयाचे राहिले. त्या अक्षरांतून काव्ये, पुराणे, शास्त्रे छापून निघाली. ज्या शास्त्रांनी शूद्राला अक्षराचा अधिकार नाकारला, ती शास्त्रे सुबक दिसली ती कारागीर जातींच्या हातांमुळे. बापूराव नाईकांनी १९७१ साली देवनागरीच्या टायपोग्राफीवर मोठे काम प्रसिद्ध केले. तांत्रिक बाजूने ते आजही अनिवार्य आहे. त्याच्या शेजारी ठेवायला या हातांचा सामाजिक इतिहास मात्र आपणच लिहायचा आहे.

आता खिळ्याची अडचण पाहू. रोमन लिपीला सव्वीस अक्षरे आणि त्यांची मोठी रूपे पुरतात. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकड्यांनी खिळे लागतात. 'अखंड' पद्धतीत अक्षर आणि त्याची मात्रा एकाच खिळ्यावर. 'डिग्री' पद्धतीत वरची मात्रा व खालचा उकार वेगळ्या तुकड्यांनी जुळवायचा. जुळारी दोन्हीकडे उभ्यानेच थकायचा. एका आकाराच्या टाइपाच्या केसींनी भिंत भरते. मग मोठ्या आकाराचे शिसे कोणता लहान छापखानेवाला विकत घेणार? त्याच्याकडे मजकुराचे बारीक टाइप, मथळ्याचे एकदोन आणि कोठे तरी लाकडी अक्षरांचा अर्धा संच असे. त्यात 'ज्ञ' नसे किंवा 'ळ' तुटलेला असे.

म्हणून जाहिरातीत हात आला. आर्टिस्टने पांढऱ्या कार्डावर काळ्या शाईने अक्षर काढायचे. ब्लॉकवाल्याने फोटो घेऊन जस्ताच्या पत्र्यावर उतरवून आम्लाने कोरायचे. तो पत्रा लाकडावर ठोकून खिळ्याच्या उंचीला आणायचा आणि फर्म्यात टाइपांबरोबर आवळायचा. मुख्य शब्द हाताचा, बाकी मजकूर खिळ्यांचा. या कामाची वाटणी समजून घेण्यासारखी आहे. खिळ्याला अंग असते. ते दाबता येत नाही की ताणता येत नाही. म्हणून तारीख, वेळ, भाव, पत्ता असा मोजून वाचायचा मजकूर त्याला शोभतो. हाताचे अक्षर वाकते, फुगते, शिरोरेखेला लोंबते, शिरोरेखा तोडूनही जाते. वाचण्याआधी ते दिसते. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातीत कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी हेच केले: नाटकाचे नाव चित्रासारखे काढायचे, नाट्यगृह आणि प्रयोगाची वेळ टाइपात. नाव वाचून नाटकाची जात कळे, असे लोक म्हणत. जात हा शब्द या अर्थाने वापरताना कोणाची जीभ अडखळत नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

वर्तमानपत्राचे शीर्षक ही सुद्धा याच घराण्यातली गोष्ट. शीर्षक हाताने काढून ब्लॉक केलेले, खाली खिळ्यांचे रकाने. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे 'मूकनायक' निघाले. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले, संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. हे पाक्षिक निघते आहे एवढी जाहिरात 'केसरी'त द्यायची होती. दर भरण्याची तयारी होती. तरीही ती छापली गेली नाही. बाबासाहेबांनी पुढे याची नोंद करून ठेवली आहे. अग्रलेखात मतभेद असतात हे समजू शकते. परंतु जाहिरातीचा रकाना हा भाड्याने मिळणारा चौरस इंच. पैसे टाकील त्याला तो मिळतो, असे बाजार छातीठोकपणे सांगतो. या देशात बाजारालासुद्धा सोवळे असते हे त्या दिवशी सिद्ध झाले. छापण्याची कला होती, शिसे होते, जुळारी होता, जागा होती आणि पैसेही होते. अस्पृश्याच्या अक्षराला मात्र प्रवेश नव्हता.

पुढे ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघाले तेव्हा अंकाचे चोवीस रकाने एकट्याने लिहून काढण्याची पाळी बाबासाहेबांवर येई. जाहिरातीचे उत्पन्न नाही म्हणजे लेखनिक नाही, मदतनीस नाही. आपली नियतकालिके का बंद पडली याची कारणे शोधताना आपण वर्गणीदारांना दोष देतो. जाहिरातीच्या रकान्याचे राजकारणही तपासले पाहिजे. आपल्या आजच्या नियतकालिकांच्या मलपृष्ठांकडे पाहिले तरी पुरे. दादरचा आपला बुद्धभूषण छापखाना २५ जून २०१६ च्या रात्री आंबेडकर भवनाबरोबर जमीनदोस्त झाला, तेव्हा तर खिळ्यांचा इतिहास अक्षरशः ढिगाऱ्याखाली गेला.

रकाना बंद, म्हणून चळवळीची जाहिरात हँडबिलावर आणि भिंतीवर आली. हँडबिलाविषयी मी पाहिलेले सांगतो. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी ट्रेडल मशीनवर चालणाऱ्या एका छापखान्यात मी विद्यार्थिदशेत सभेची पत्रके छापून घ्यायला जात असे. तेथे मालकाच्या खणात '॥ श्री ॥' चे तयार खिळे होते, गणपतीचे तीन आकारांचे ब्लॉक होते, कलश होता, लग्नपत्रिकेच्या वेलबुट्ट्या होत्या. 'जय भीम' चा ब्लॉक नव्हता. तो मजकुराच्या बारीक टाइपात जुळवावा लागे आणि मग पत्रकाच्या माथ्यावर तो मुंगीएवढा दिसे. आमच्यातल्या एकाने तो कार्डावर हाताने काढला, औरंगाबादेहून जस्ताचा ब्लॉक करून आणला, आणि पुढे कितीतरी वर्षे जिल्ह्यातल्या सभा, जयंत्या आणि लग्ने त्या एका ब्लॉकवर निघाली. 'भी'ची वेलांटी झिजून अर्धी झाली होती. टाइप ओतणाऱ्या कारखान्याच्या यादीत कोणते चिन्ह तयार मिळते आणि कोणते हाताने करावे लागते, एवढ्यावरून त्या समाजाचा धर्म कोणता ते ओळखता येते.

पत्रकात वक्त्यांची नावे टाइपातच असत. कोणाचे नाव चोवीस पॉइंटात आणि कोणाचे बारा पॉइंटात, यावरून कार्यकर्त्यांत रात्र रात्र वाद होत. आपल्या फुटींचा इतिहास लिहिणाऱ्याने ही हँडबिले जरूर पाहावीत.

मी चकलांब्याचा. बीड जिल्हा, गेवराई तालुका. हा सगळा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारदरबारची भाषा उर्दू, आणि उर्दूची नस्तालीक लिपी शिशाच्या खिळ्यांना कधी नीट वळलीच नाही. म्हणून हैदराबादेत कातिब बोरूने पान लिहीत आणि ते शिळेवर छापले जाई. बातमीही हाताची, जाहिरातही हाताची. गावच्या दप्तरात मोडी. वस्तीतल्या माणसाला दोन्ही सारख्याच अगम्य. सप्टेंबर १९४८ नंतर बालबोध पाट्या गावोगाव आल्या: शाळा, चावडी, दवाखाना. आमच्या आधीच्या पिढीतले पुष्कळ लोक शाळेत फारसे टिकले नाहीत; ते वाचायला शिकले ते बिडी, चहा, खत आणि बियाण्यांच्या भिंतीवरच्या जाहिरातींवर. हातभर उंचीचा 'ब' दहा पावलांवरून कळतो. पाटीवरचा 'ब' मास्तर दाखवील तेव्हा.

भिंत रंगविणारा पेंटर पुष्कळदा आमच्यातला किंवा आमच्या शेजारच्या कारागीर जातीतला असे. त्याची पद्धत मी जवळून पाहिली आहे. चुन्याचा हात मारून भिंत वाळू द्यायची. गेरूत भिजवलेला दोरा दोघांनी ताणून धरायचा आणि मधोमध उचलून सोडायचा. लाल रेघ उमटते. ती शिरोरेखा. अक्षरे वितीने मोजायची, खडूने बाहेरची रेघ काढायची, मग ब्रश. भिंत संपत आली आणि शब्द उरला तर तो शब्द तोडीत नसे. आधीपासून हिशेब करून 'र' अरुंद काढी, 'म' ओढून घेई. हे खिळ्याला जमत नाही. पण छापील अक्षराचा धाकही त्याच्या हातावर असे. कंपनीचा माणूस नमुन्याचा कागद घेऊन येई आणि पेंटर निर्णयसागरी वळणाचा जाडबारीकपणा ब्रशाने गिरवी. टाइपाने हाताकडून वळण घेतले होते, आता हात ते टाइपाकडून परत घेत होता.

कोणाची भिंत, हा प्रश्न मात्र ब्रशाने सुटत नाही. साबणाची जाहिरात कोणाच्याही वाड्यावर चाले. सत्तरच्या दशकात पँथरच्या छावण्यांचे फलक गावोगाव लागू लागले तेव्हा ते वस्तीच्या तोंडाशी, आपल्याच जागेत, पत्र्यावर निळ्या रंगात लागले. पत्रा कारण तो उचलून नेता येतो, पुन्हा लावता येतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटवल्या गेल्या. नाव म्हणजे काय, तर अक्षरे. ती कागदावर उमटली एवढ्याने घरे जाळली. त्यानंतरची सोळा वर्षे नामांतराची मागणी एस.टी. स्टँडच्या भिंतींवर, पुलाच्या कठड्यांवर, कॉलेजच्या कुंपणांवर निळीत डिंक कालवून लिहिली गेली. रातोरात लिहायचे असल्याने दोरा नाही, खडू नाही, अक्षरे वाकडी. वळणदार अक्षरावर व्याख्याने देणाऱ्यांनी त्या वाकड्या अक्षरांकडे ढुंकूनही पाहिले नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. जुने नाव राहिले आणि त्याच्या आधी नवे आले. फलक लिहिणाऱ्याला एका ओळीच्या जागी मोठी लांब ओळ बसवायची होती. तडजोडीची लांबी त्या फलकावर पट्टीने मोजता येते.

तिकडे मुंबईत र. कृ. जोशी (१९३६–२००८) जाहिरातसंस्थेत काम करता करता अक्षरांच्याच कविता करीत होते, लघुनियतकालिकांच्या चळवळीत वावरत होते, नंतर आय.आय.टी.त शिकवत होते. संगणकावरचा 'मंगल' हा फाँट त्यांचा. हाताचे शिक्षण खिळ्यात आणि तेथून पडद्यावर नेणारा हा मोठा माणूस होता. परंतु त्यांच्यावरचे लेखन वाचताना असे वाटते की हस्ताक्षराची परंपरा मुंबईच्या कलाशाळेत सुरू झाली. गेवराईच्या रस्त्यावरचा पेंटर त्या परंपरेत धरायचा की नाही? दिल्लीच्या हनीफ कुरेशींनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरे घेऊन त्यांच्याच नावाने फाँट केले, तेव्हा निदान नाव तरी लागले.

आज चकलांब्यात आणि आजूबाजूच्या गावांत भिंत रिकामी झाली आहे आणि चौक भरला आहे. फ्लेक्स आले. डी.टी.पी.च्या दुकानात शेकडो फाँट असतात, त्यांतले पाचसहा वापरले जातात. वाढदिवसाचा, निधनाचा आणि जयंतीचा फ्लेक्स एकाच अक्षरात. संगणकाबरोबर आलेल्या अनेक फाँटांत हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' होते; पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हेच मराठीचे, असे शासनाला ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने सांगावे लागले. पेंटरला ते कोणी सांगितले नव्हते. त्याच्या हाताला दुसरा 'ल' येतच नव्हता.

फ्लेक्सने नुकसानच केले असे मी म्हणणार नाही. ब्लॉकचा खर्च गेला, छापखानेवाल्याच्या खणातली मक्तेदारी गेली. १४ एप्रिलला 'जय भीम' आता हवा तेवढा मोठा निघतो आणि ऊसतोडीहून परतलेला पोरगाही दुकानात बसून स्वतःचे नाव त्याखाली टाकतो. ज्यांचे नाव कोणत्याच पॉइंटात येत नव्हते त्यांचा फोटोसकट फलक लागतो, याचा ज्यांना फार त्रास होतो त्यांच्या सौंदर्यदृष्टीबद्दल मला शंका आहे. पेंटरचे काय झाले, तर काही फ्लेक्स चिकटवायला जातात, काही घरांना रंग देतात, एकदोघे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नावे काढतात.

हँडबिले मात्र भराभर नाहीशी होत आहेत. तो कागद हलका, पिवळा, गुलाबी, घडीवर तुटतो. तुमच्या घरी पेटीत, बाबासाहेबांच्या फोटोमागे, जुन्या पुस्तकांत ती असतील. ती प्लास्टिकमध्ये घालू नका, ओल धरते. उलगडून दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा आणि मागे पेन्सिलीने लिहा: गाव, साल, छापखाना, आणि कळत असेल तर वरचे अक्षर कोणी काढले त्याचे नाव.