एकच घटना, दोन न्यायासनें

पुराव्याचा कायदा हा वकिलांनीं पाठ करावा व इतरांनीं दुरूनच नमस्कार करावा असा विषय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि ज्या लोकमान्यांचें नांव धारण करून पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ सालीं स्थापन झाला, त्यांच्याच चरित्रांतील ताईमहाराज प्रकरण वाचलें म्हणजे या रूक्ष कायद्यावर मनुष्याची अब्रू कशी अवलंबून असते, हें ध्यानांत येतें.

पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ सालीं निवर्तले. त्यांच्या मृत्युपत्रान्वयें नेमलेल्या विश्वस्तांत टिळक व दादासाहेब खापर्डे हे होते. जून १९०१ मध्यें बाबामहाराजांच्या पत्नी ताईमहाराज यांनीं औरंगाबादेस जगन्नाथ नांवाचा मुलगा दत्तक घेतला, असें विश्वस्तांचें म्हणणें. ताईमहाराजांनीं पुढें तें नाकारलें व त्याच वर्षीं दुसरा मुलगा दत्तक घेतला. सारा वाद एवढाच, कीं औरंगाबादेस दत्तविधान झालें कीं नाहीं?

या एका प्रश्नावरून टिळकांवर शपथेवर खोटें बोलल्याचा फौजदारी खटला झाला. १९०३ सालीं अठरा महिन्यांची शिक्षा झाली. अपिलांत ती सहा महिन्यांवर आली. मार्च १९०४ मध्यें मुंबई हायकोर्टानें त्यांस निर्दोष ठरविलें. पण फौजदारींतून सुटका म्हणजे दिवाणींत जय नव्हे. फौजदारींत वाजवी संशयाचा फायदा आरोपीस मिळतो. दिवाणींत मात्र कोणत्या बाजूची शक्यता अधिक, हें तोलावें लागतें. म्हणूनच तें दत्तविधान दिवाणी दाव्यांत पुन्हां सिद्ध करावें लागलें. १९०६ सालीं पुण्याच्या कोर्टानें तें खरें मानलें. १९१० सालीं हायकोर्टानें तो निकाल फिरविला. त्या वेळीं टिळक मंडालेच्या तुरुंगांत होते. अखेर मार्च १९१५ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें दत्तविधान खरें ठरविलें.

त्या निकालाचें महत्त्व जगन्नाथाच्या वारसापुरतें नाहीं. साक्षीदारास त्याच्याच पूर्वीच्या लेखी जबानीनें खोटा पाडावयाचा असेल, तर ती त्याच्यापुढें ठेवून खुलासा करण्याची संधि त्यास दिली पाहिजे, हें तत्त्व त्यांत स्पष्टपणें सांगितलें आहे. १८७२ च्या कायद्याच्या १४५ व्या कलमांत तें होतेंच. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांत तें १४८ व्या कलमांत आहे.

राजद्रोहाच्या शिक्षेनें टिळकांची कीर्ति वाढली. खोट्या साक्षीचा डाग मात्र निराळा. तो राहिला असता तर त्यांच्या शब्दाची किंमतच गेली असती. विचारल्यावांचून कोणास लबाड ठरवूं नये, हा नियम कोर्टाच्या उंबरठ्याबाहेरहि पाळण्याजोगा आहे. चार माणसांच्या बैठकींत आपण तो किती वेळां मोडतों, याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.