समुद्रात पवनचक्क्या आल्या, तर मच्छीमारांचं काय होतं?

ब्लॉक आयलंड हे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याचं छोटं बेट. अमेरिकेचा पहिला व्यावसायिक सागरी पवनऊर्जा प्रकल्प डिसेंबर २०१६ मध्ये याच बेटाजवळ सुरू झाला. पाच पवनचक्क्या, एकूण क्षमता ३० मेगावॉट.

जागा कशी ठरली?
राज्याने २०१० मध्ये सागरी क्षेत्राचा आराखडा मंजूर केला. मासेमारीच्या जागा, जहाजांचे मार्ग आणि समुद्रतळाची माहिती त्यात एकत्र आली. मच्छीमारांचं सल्लागार मंडळही नेमण्यात आलं.

बेटाला काय मिळालं?
आधी इथली वीज डिझेल जनरेटरवर तयार व्हायची. डिझेल बाहेरून आणावं लागत असल्याने ती महाग पडे. प्रकल्पासोबत समुद्राखालून केबल टाकली गेली आणि बेट मुख्य भूमीच्या ग्रिडला जोडलं गेलं. मे २०१७ मध्ये जनरेटर बंद झाले.

मासेमारीचं काय?
पवनचक्क्यांच्या पोलादी खांबांवर शिंपले वाढतात, त्यांच्याभोवती मासे जमतात. त्यामुळे हौशी गळवाल्यांसाठी ही आवडती जागा बनली. ट्रॉलरवाल्यांची मात्र अडचण झाली, कारण तळाशी ओढलेलं जाळं खांबांत किंवा केबलमध्ये अडकू शकतं.

भारताशी संबंध काय?
गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये अर्थसाहाय्य मंजूर केलं. दोन्ही किनाऱ्यांवर ट्रॉलर आहेत आणि छोट्या होड्याही. त्यामुळे जागा निश्चित होण्याआधीच, कोण कुठे आणि कोणत्या जाळ्याने मासे धरतं याची नोंद होणं महत्त्वाचं आहे.