ग्रंथी-ऊतींतील कर्करोगांचे आकलन आणि बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

कर्करोग हा एकच रोग नव्हे. तो ज्या ऊतीत उगम पावतो तीवरून त्याचे स्वरूप, निदान व उपचार ठरतात. स्तन, जठर, मोठे आतडे, पुरःस्थ ग्रंथी आदी अवयवांतील स्राव निर्माण करणाऱ्या पेशींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगास अ‍ॅडेनोकार्सिनोमा म्हणतात. तोंड, अन्ननलिका व गर्भाशयमुख यांच्या अस्तरातील चपट्या पेशींपासून होणारा कर्करोग याहून निराळा असतो. श्रीपूर ज्या सोलापूर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील बार्शी येथील कार्याच्या आधारे या आकलनाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सूक्ष्मदर्शकापासून नोंदवहीपर्यंत

१८३८ मध्ये योहानेस म्यूलर यांनी गाठी पेशींच्याच बनलेल्या असतात हे दाखविले. १८५८ मध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी पेशीविकृतीचा सिद्धान्त विस्ताराने मांडला. पुढे विल्हेल्म वाल्डायर यांनी कार्सिनोमाचा उगम अस्तर-ऊतीत असल्याचे प्रतिपादन केले. मुंबईत १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले व तेथे डॉ. व. रा. खानोलकर यांनी विकृतिशास्त्राचा पाया घातला. आहार, व्यसने, पेहराव व चालीरीती यांचा कर्करोगाशी असलेला संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

तथापि रुग्णालयात आलेल्या रुग्णांवरून समाजातील रोगाचे प्रमाण कळत नाही. म्हणून १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम हाती घेतला. ग्रामीण भाग मात्र या चित्राबाहेरच होता.

बार्शीचा प्रयोग

१९८७ मध्ये बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी स्थापन झाली. बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. डॉ. भगवान नेने व डॉ. कस्तुरी जयंत यांची नावे या कार्याशी निगडित आहेत. शहरी नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांतून माहिती गोळा करते. खेड्यातील रुग्ण बहुधा रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसे आणि निदानाविना मृत्यू पावलेल्या व्यक्तीची गणना होणे शक्य नव्हते. म्हणून येथील कार्यकर्ते गावोगावी जात, रोगाची लक्षणे समजावून सांगत व संशयित रुग्णांस तपासणीस आणीत. मोजणीसाठी योजिलेली ही पद्धत लोकशिक्षणही ठरली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णा पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

दिसणारा व लपलेला रोग

या भागातील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रस्थानी, तर स्तनाचा त्याखालोखाल होता. गर्भाशयमुखाचे बहुतांश कर्करोग चपट्या पेशींचे असतात. अ‍ॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेल्या तपासणीत त्यांच्या पूर्वावस्था दिसू शकतात. ग्रंथीजन्य कर्करोग मात्र बहुधा आतील नलिकेत सुरू होतो, त्यामुळे तो नजरेतून व पेशींच्या नमुन्यातूनही निसटण्याचा संभव अधिक असतो. एचपीव्ही चाचणी विषाणूचा माग घेते, म्हणून तिला दृश्य जखमेची गरज नसते.

उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४, तर तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४ स्त्रिया या रोगाने दगावल्या. ग्रंथीजन्य प्रकार वेगळा मोजणे हा या चाचणीचा हेतू नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. शिवाय एका गटास तपासणीविना ठेवणे नीतीस धरून होते काय, असा आक्षेपही पुढे घेतला गेला. ज्ञान मिळाले, पण त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास टाळता येत नाही.

स्तनाच्या कर्करोगाबाबत अडचण निराळी आहे. तेथे पूर्वावस्था डोळ्यांस दिसत नाही, हातास लागते ती गाठच. मुंबईत १९९८ पासून १,५१,५३८ स्त्रियांचा समावेश असलेल्या चाचणीत एका गटातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली. २०२१ मधील निष्कर्षानुसार रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. मृत्यूंतील एकूण १५ टक्के घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरली नाही, परंतु ५० वर्षे व त्यावरील स्त्रियांत ती सुमारे ३० टक्के होती.

समारोप

रोगाची ऊती ओळखणे ही केवळ वर्गीकरणाची बाब नाही. कोणती तपासणी कोणत्या रोगास पकडते व कोणता रोग तिच्यातून निसटतो, हे त्यावरूनच कळते. तसेच ज्या स्त्रीची नोंद होत नाही, तिचा रोग शास्त्राच्याही दृष्टीस पडत नाही. बार्शीच्या नोंदवहीचे महत्त्व येथेच आहे : तिने आधी खेड्यातील रुग्णास गणनेत आणले व त्यामुळेच पुढील प्रश्न विचारणे शक्य झाले.