मामूंची चिठ्ठी

कुरखेड्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या दप्तरात पुस्तकांपेक्षा पिसे, मोहाच्या बिया आणि गोट्याच जास्त. एके दिवशी त्याच्या अब्बांनी ते सगळे उकिरड्यावर फेकले. मुलगा आठवडाभर वर्गात बोलला नाही.

तेव्हा मला मुंबईच्या खेतवाडीतले एक घर आठवले. पक्षितज्ज्ञ सालिम अली (१८९६–१९८७) बालपणीच यतीम झाले. मामू अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. मामूंनीच दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने भाच्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी? मामूंना ठाऊक नव्हते. पण त्यांनी मुलाला हाकलले नाही. चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. ही गोष्ट १९०८ सालची. सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखली, वर संग्रहातले पेंढा भरलेले पक्षीही दाखवले. तिथून त्या मुलाच्या आयुष्याला वळण लागले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले, १९७६ साली पद्मविभूषण मिळाले.

प्रत्येक मूल सालिम अली होणार नाही. पण आपल्याला उत्तर येत नसेल, तर निदान चिठ्ठी तरी द्यावी.

मी त्या अब्बांना हे सांगितले. पिसे काही परत आली नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलाच्या दप्तरात बिस्किटांचा एक रिकामा डबा मात्र होता.