शांबरिक खरोलिका

मुंबईस वॉटसन हॉटेलांत ता. ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें दाखविलीं गेलीं, हें आपणांस ठाऊक असेल. परंतु त्यापूर्वीं चार वर्षें, १८९२ सालीं, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले होते. नांव ठेविलें ‘शांबरिक खरोलिका’. शांबरी म्हणजे माया. तेव्हां नांव जड असलें तरी सार्थ.

कांचेवर हातानें रंगविलेलें चित्र दिव्यापुढें धरावयाचें. भिंगांतून तें पडद्यावर मोठें होऊन उमटे. भिंग प्रतिमा उलटी करतें, म्हणून कांच उलटीच घालावी लागे. अंधारांत चूक झाली कीं प्रभु रामचंद्र खालीं डोकें, वर पाय! एकाच आकृतीच्या निरनिराळ्या अवस्थांच्या कांचा झरझर बदलल्या म्हणजे चित्र हालल्याचा भास होई. तो वेग यंत्राचा नव्हे, कंदील चालविणाराच्या बोटांचा. शिवाय कथन व गायन चाललेलें असे. त्या शब्दाशीं कांचेचा मेळ चुकून भागत नसे. माझ्या मतें खरी शांबरी ती हीच.

पुढें सिनेमाच्या यंत्रांत दांडा फिरविला कीं चित्रें आपोआप सरूं लागलीं, व हे खेळ मागें पडले. कांहीं रंगीत कांचा आजही जपलेल्या आहेत. त्या चालविण्याची संवय असलेला हात मात्र उरला नाहीं.