वाटीच्या तळाशी एक हुक

मोहर्लीच्या गेटातून आत जाणाऱ्या जिप्सीत सगळ्यांची नजर लांब असते. कुठे पट्टे दिसतात का? पण या जंगलाचा बराचसा कारभार खाली, पाचोळ्यात चालतो. सागाचं पान गळतं, पावसात भिजतं आणि बुरशी त्याला हळूहळू मातीत मिसळते. कुजत्या पानांवर उगवणाऱ्या काही बुरश्या चक्क इवल्याशा वाट्यांसारख्या असतात, कित्येक तर मिलिमीटरभराच्या. जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा गाभा पर्यटकांना बंद असतो आणि त्याच महिन्यांत पाचोळा भरपूर ओला असतो.

एवढीशी वाटी नेमकी कोणती, हे कळून काय फरक पडतो? युरोपात फार मोठा पडला.

सुरुवातीचे अभ्यासक, स्वीडनचे एलियास फ्रीस वगैरे, मुख्यतः आकार, रंग, केस अशा दिसणाऱ्या खुणांवर या वाट्या ओळखत. १८८५ मध्ये एमिल बूदिए या फ्रेंच औषधविक्रेत्याने मायक्रोस्कोपखाली वेगळाच प्रश्न विचारला: बीजाणूंची थैली उघडते कशी? काहींना झाकण असतं, काहींना नसतं. वर्गीकरणाचा पायाच बदलला.

आता गोष्ट ॲश या झाडाची. हे आपल्या मोगऱ्याच्या कुळातलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडमध्ये ही झाडं शेंड्यापासून वाळू लागली. २००६ मध्ये रोगाची बुरशी सापडली. २००९ मध्ये कळलं, की तिची वाटी गळलेल्या पानांच्या देठांवर उगवते. पण ती ‘हायमेनोसायफस अल्बिडस’ असल्याचं ठरलं. म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून माहीत असलेली, निरुपद्रवी, युरोपातलीच.

त्याच वर्षी ब्रिटनच्या रोपवाटिकांच्या संघटनेने ॲशच्या रोपांची आयात थांबवायची मागणी केली. पण बुरशी आधीपासून घरातलीच असेल, तर बंदी कशाच्या आधारावर घालायची? आयात चालू राहिली.

२०११ मध्ये डीएनएने सांगितलं, की या दोन जाती आहेत. फाइलचं नाव एकच, आतला कोड वेगळा. २०१२ च्या अभ्यासात दिसलं, की जपानमध्ये तिथल्या ॲशच्या पानांवर राहणारी बुरशी हीच आहे. डोळ्यांना दोन्ही वाट्या सारख्याच पांढऱ्या. मायक्रोस्कोपखाली मात्र रोगकारक जातीच्या थैलीच्या बुडाशी एक बारीक हुक दिसतो, अल्बिडसला तो नसतो. ब्रिटनने आयात बंद केली ती ऑक्टोबर २०१२ मध्ये. तोवर रोग रोपवाटिकेत पोचला होता.

२०१२ च्या त्या अभ्यासात जर्मनीचे हान्स-ओटो बराल होते. त्यांचं १९९२ पासूनचं म्हणणं असं, की वाट्या जिवंत असतानाच बघा. वाळल्या की पेशींतल्या कित्येक खुणा पुसल्या जातात. तरीही वाळके नमुने लागतातच, पुढच्या पिढीला पडताळा घ्यायला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतला ‘आजरेकर कवक संग्रह’ हेच काम करतो.

अभयारण्यातून पान उचलायला परवानगी लागते. घराजवळच्या सागाखाली मात्र भिंग घेऊन वाकता येतं. वाटी दिसली तर फोटोसोबत तीन गोष्टी टिपून ठेवा: झाड कोणतं, वाटी पात्यावर की देठावर, आणि तारीख. हुक फोटोत दिसणार नाही, पण ॲशच्या बाबतीत ‘कुठल्या झाडाच्या देठावर’ हीच पहिली खूण होती.