दरबानचे दार, सेवाग्रामची कुटी

महात्मा गांधींच्या करुणेविषयी बोलताना सेवाग्रामचे एक चित्र हटकून डोळ्यांपुढे येते. कुष्ठरोग्याच्या अंगाला तेल चोळणारे, वाकून बसलेले वृद्ध बापू. ते चित्र खरे आहे. परंतु ते पाहून आपण हात जोडतो आणि हे महात्म्यांचे काम, आपले नव्हे, असे मनाशी म्हणून पुढे जातो. या चित्राच्या मागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा आरंभ एका अपुऱ्या राहिलेल्या सेवेने झाला, हे सहसा सांगितले जात नाही.

एकोणिसाव्या शतकाची ती अखेरची वर्षे होती. दक्षिण आफ्रिकेत दरबान येथे गांधीजी वकिली करीत होते. एके दिवशी एक कुष्ठरोगी त्यांच्या दाराशी आला. त्याला नुसते जेवू घालून वाटेला लावणे त्यांच्या जिवावर आले. त्यांनी त्याला घरात आसरा दिला, त्याच्या जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. पण हे किती दिवस चालणार? त्याला कायम घरी ठेवून घेण्याची ऐपत नव्हती आणि तेवढी मनाची तयारीही नव्हती. शेवटी गिरमिटिया मजुरांसाठी असलेल्या सरकारी रुग्णालयात त्यांनी त्याची रवानगी केली. ही हकिकत कोणा टीकाकाराने शोधून काढलेली नाही. आत्मकथेत ती त्यांनी स्वतःच नमूद केली आहे.

दार बंद झाले, पण मनाची रुखरुख गेली नाही. सेवेचे काही नित्याचे काम हाती असावे, अशी ओढ त्यांना लागली. सेंट एडन्स मिशनचे प्रमुख डॉ. बूथ हे दयाळू ख्रिस्ती गृहस्थ होते. पारशी रुस्तमजींच्या दानातून डॉ. बूथ यांच्या देखरेखीखाली एक लहानसे धर्मार्थ रुग्णालय निघाले. तेथे औषधे देण्याचे काम गांधीजींनी पत्करले. वकिलीतून रोज सकाळचा वेळ काढून ते जात, रोग्यांच्या तक्रारी ऐकून घेत, त्या डॉक्टरांच्या कानी घालीत आणि सांगितलेले औषध देत. पैसा पारशाचा, विद्या ख्रिस्ती डॉक्टरची आणि हात हिंदू वकिलाचे. रोगी बहुतांशी तामिळ, तेलुगू आणि उत्तर हिंदुस्थानी मजूर. करुणेची शाळा त्यांच्यासाठी अशी सुरू झाली. एका रोग्याला ठेवून घेता आले नाही, म्हणून त्यांनी सेवा सोडली नाही. आपल्याला झेपेल तेवढीच, पण रोज करायची, असे ठरवले.

पुढचा प्रसंग येरवड्याच्या तुरुंगातला. १९३२ साली गांधीजी तेथे बंदिवान होते. त्याच तुरुंगात परचुरे शास्त्री नावाचे संस्कृतचे पंडित स्वातंत्र्यलढ्यातील कैदी म्हणून शिक्षा भोगत होते. त्यांना कुष्ठरोग जडला होता, त्यामुळे ते इतरांपासून वेगळे राहत. गांधीजींनी पत्रांतून त्यांच्याशी संबंध राखला. त्या वर्षी २६ सप्टेंबरला गांधीजींचा उपवास सुटला तेव्हाच्या प्रार्थनेत कविवर्य रवींद्रनाथ ठाकुरांनी गीत गायिले आणि परचुरे शास्त्रींनी संस्कृत श्लोक म्हटले. ज्याच्या सावलीलाही लोक भीत, त्याचा स्वर त्या दिवशी राष्ट्राच्या प्रार्थनेत मिसळला. शास्त्रीबुवांकडे देण्यासारखे पुष्कळ आहे, हे गांधीजींनी ओळखले होते.

१९३९ मध्ये शास्त्रीबुवा सेवाग्रामला आले. रोग बळावला होता. आधाराला दुसरी जागा नव्हती. दरबानच्या दाराशी उभा राहिलेला प्रश्न चाळीस वर्षांनी पुन्हा समोर आला. आता तर आश्रमात कितीतरी माणसे राहत होती आणि त्या काळी चौलमुग्राच्या तेलासारख्या उपायांपलीकडे या रोगावर खात्रीचे औषध हाताशी नव्हते. गांधीजींनी आश्रमवासीयांना विश्वासात घेतले आणि आपल्या कुटीजवळच शास्त्रीबुवांसाठी कुटी उभारली. ‘परचुरे कुटी’ आश्रमात आजही पाहायला मिळते. युरोपात महायुद्ध पेटले होते, देशाच्या भवितव्याच्या वाटाघाटी चालू होत्या, पुढाऱ्यांची सेवाग्रामला ये-जा होती. त्या धामधुमीतही गांधीजी स्वतः शास्त्रीबुवांच्या अंगाला तेल चोळीत. पुढे शास्त्रीबुवा वर्ध्याजवळच्या दत्तपूरला गेले. विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी १९३६ पासून तेथे कुष्ठसेवा चालवली होती. १९४५ मध्ये शास्त्रीबुवांचे निधन झाले. त्याच वर्षी गांधीजींनी आपल्या ‘रचनात्मक कार्यक्रमा’च्या सुधारित आवृत्तीत कुष्ठसेवेला स्थान दिले. या रोग्यांची काळजी वाहण्याचे श्रेय मिशनऱ्यांना आहे, हे त्यांनी तेथे मोकळ्या मनाने मान्य केले. खादी आणि ग्रामोद्योगाच्या पंक्तीत त्यांनी कुष्ठरोग्याची सेवा बसवली. वाळीत पडलेला माणूस तसाच राहिला तर स्वराज्य पुरते आले असे म्हणता येणार नाही, हा त्याचा अर्थ.

आपणा ख्रिस्ती जनांना ही कथा ओळखीची वाटावी. संत मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू कुष्ठरोग्याला बरे करतो, पण त्याआधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. तो रोगी गावात परततो आणि प्रभूला मात्र गावाबाहेर एकांत जागी राहावे लागते. करुणेत जागांची ही अदलाबदल होतच असते. दुसऱ्याला आत घ्यायचे तर आपल्याला थोडे बाहेर सरावे लागते.

आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. तरीही १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा जुना कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून वगळले गेले ते २०१९ मध्ये. औषध आधी पोहोचले, माणुसकी मागाहून. आपल्या घरांतही हा उशीर दिसतो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला जाताना मी पाहतो. कोठे क्षयाचा रोगी बरा होऊनही त्याची कपबशी वेगळीच राहिलेली असते. कोठे विस्मरण झालेली आजी मागच्या खोलीत असते आणि पाहुणे आले की ते दार लोटले जाते. या घरांत प्रेम नाही असे मी म्हणणार नाही. भीती आहे, लाज आहे, दमणूक आहे. दरबानच्या त्या घरातही ऐपत आणि तयारी अपुरीच पडली होती.

अशा कुटुंबांना दोष देण्यापेक्षा धर्मग्रामाने त्यांचा भार वाटून घ्यावा. शेजारच्या आजाऱ्यापाशी आठवड्यातून एक तास बसावे, म्हणजे त्या घरच्या सुनेला किंवा मुलीला निवांत मिस्साला जाता येईल. तरुणांनी औषधे आणून द्यावीत, डॉक्टरकडे सोबत जावे. आजारी माणसाला प्रार्थना सांगायला लावावी, त्याच्याकडून जुनी गीते ऐकावीत. तोही आपल्या मंडळीचा देणारा सभासद आहे. आणि ज्यांना हेही जमत नाही, त्यांनी निदान मागच्या खोलीचे दार उघडे ठेवावे.